तू पोटात ठेवलंस ते

प्रज्ञा,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला रबाळ्याच्या विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. मी पांढरा कुर्ता घालून मागच्या भिंतीला टेकून उभी होते आणि तुझ्यासाठी रडायचं सोडून माणसं बघत होते. कोण कोण आलंय, कोणाचे डोळे खरोखर सुजलेत. मनात एकच चाललं होतं, की माझ्या वेळी एवढी येतील का. हे तुला सांगितलं असतं तर तू चष्मा वर सरकवून म्हणाली असतीस, "हर्षदा, मेल्यावरसुद्धा कॉम्पिटिशन?"

हो, मेल्यावरसुद्धा. तुझा हेवा करायची सवय इतकी जुनी आहे की तू गेलीस म्हणून ती लगेच सुटेल असं वाटत नाही. आणि हे लिहायला मला लाजही वाटत नाही, कारण लॉ कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तुला ते ठाऊक होतं.

खरं तर हेवा तू करायला हवा होतास. मी सानपाडा गावातली, आगऱ्याची पोर. आजोबांच्या शेतावर सोसायट्या उभ्या राहिल्या, बाबा भाड्याच्या खोल्यांवर निवांत बसले, मला बारावीला स्कूटी मिळाली. तुझे पप्पा एमआयडीसीत शिफ्ट करायचे आणि तू रिक्षाचे पैसे वाचवायला स्टेशनपासून चालत यायचीस. मार्क मला जास्त पडायचे. मूट कोर्टात, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यांत, मी बोलायला उभी राहिले की परीक्षक माना डोलवायचे. पण कँटीनमध्ये ज्याचं घरी काही बिनसलेलं असेल तो तुझ्या शेजारी जाऊन बसायचा. माझ्या शेजारी यायचा तो नोट्स मागायला.

शेवटच्या वर्षाला आपण दोघी वाशीला सबनीस मॅडमच्या ऑफिसात इंटर्न म्हणून लागलो. पांढरा शर्ट, काळी पँट घालून आपण त्यांच्यामागे बेलापूरच्या कोर्टात फिरायचो. एकदा कॉरिडॉरमध्ये एक म्हातारे काका आपल्याजवळ आले आणि हात जोडून म्हणाले, "वकीलबाई, जरा माझा कागद बघता का?" मला इतकं बरं वाटलं होतं. कोणीतरी पहिल्यांदाच वकीलबाई म्हणालं होतं. मी कागद घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात तू म्हणालीस, "काका, आम्ही अजून वकील नाही. शिकतोय. तुम्हाला खऱ्या वकिलाकडे घेऊन जाते."

मला राग आला. "नुसता वाचून तर दाखवणार होते," असं मी नंतर म्हटलं. तू म्हणालीस, "ते तुझ्या वाचण्यावर विसंबून घरी गेले असते." काका त्यानंतर प्रत्येक तारखेला आले की कॉरिडॉरभर तुला शोधायचे. वकील नाही म्हणून सांगणाऱ्या पोरीला शोधायचे. मी समोर उभी असले तरी विचारायचे, "त्या दुसऱ्या ताई नाय आल्या?"

पण आपलं खरं भांडण झालं ते त्या चाळीवरून. ते अजून मिटलेलं नाही. तू अर्ध्यात उठून गेलीस असं मला वाटतंय.

त्या दिवशी एक घरमालक मॅडमकडे आला होता. रबाळ्यात त्याची बैठी चाळ होती, ती पाडून त्याला इमारत बांधायची होती. आपण दोघी कोपऱ्यात बसून टिपणं काढत होतो. त्याचा बेत साधा होता आणि कायद्यात बसणाराही होता. सगळ्या भाडेकरूंना एकत्र बोलवायचं नाही, एकेकाला गाठायचं, थोडी रक्कम हातावर ठेवायची आणि ताबा सोडल्याच्या करारावर सही घ्यायची. जे अडून बसतील त्यांना शेवटी नव्या इमारतीत जागा द्यावी लागेल, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणून ज्यांच्या मागेपुढे कोणी नाही अशांपासून सुरुवात करायची होती. त्यानं नावं घ्यायला सुरुवात केली आणि पहिल्याच काही नावांत तुझ्या आत्याचं नाव आलं.

तुझं पेन थांबलेलं मी पाहिलं. तुझी आत्या मला माहीत होती. नवरा गेलेला, एक मुलगी, पापडाच्या कारखान्यात काम. तुझ्या घरी पप्पांची शिफ्ट आणि भावंडांचा दंगा म्हणून तू बारावीपासून तिच्याच खोलीत अभ्यास करायचीस. तू दिवा लावून वाचत बसलीस की ती टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायची, हे तूच मला सांगितलं होतंस.

घरमालक उठून गेल्यावर तू सरळ मॅडमसमोर जाऊन उभी राहिलीस. "मॅडम, यात माझी आत्या आहे. मला या फाइलवरून काढा."

मॅडमनी चष्मा काढला. "काढते. पण ऐकलंस ते ऐकलंसच. गप्प राहता येईल?"

"राहीन." मग तू विचारलंस, "तिला नुसतं एवढं सांगू का, की कुठल्याही कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस?"

"हे ऐकलं नसतंस, तर एरवी सांगितलं असतंस?"

"नाही."

"मग आजही नाही," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी आपण ऑफिसातून निघालो आणि मी रस्त्यातच तुला धरलं. मी म्हटलं, "वेडी आहेस का? आपल्याला सनद नाही, आपण शपथ घेतलेली नाही, आपल्याला कोणी पगार देत नाही. कसलं बंधन आपल्यावर? जा आणि आत्याला सांग."

तू म्हणालीस, "त्या माणसाला हे माहीत नव्हतं ना. तो टेबलापलीकडे बसून बोलला तेव्हा त्याला वाटलं, या खोलीत बसलेत ते सगळे वकील आहेत."

"तो चांगला माणूस नाहीये."

"चांगल्या माणसांना वकील क्वचितच लागतो."

"प्रज्ञा, ती तुझी आत्या आहे."

तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. आवाज न चढवता म्हणालीस, "आणि ही फाइल तुझ्या बाबांची असती तर? त्यांच्याही चाळी आहेत. मी त्यांचं बोलणं ऐकून आत्याला जाऊन सांगितलं असतं, तर तू मला काय म्हणाली असतीस?"

त्या क्षणी मला काय वाटलं ते ऐक. तुझ्या म्हणण्यात काही चूक आहे असं वाटलं नाही. वाटला तो हेवा. सनद मिळायच्या आधीच तुझी परीक्षा झाली आणि माझी झाली नाही. माझ्या नशिबी असं काही आलंच नाही, ज्यात गप्प राहायला मला काही मोजावं लागेल. मी आजवर जेवढी नियमाने वागले त्यातलं एकही वागणं मला महागात पडलेलं नाही.

तुला पडलं. आत्यानं सही केली. मिळालेल्या पैशांत ती कामोठ्याला भाड्याच्या खोलीत गेली. पुढे बाकीच्या भाडेकरूंना नोटिसा आल्या, त्यावर सबनीस मॅडमचं नाव होतं. शेजारणीनं ती नोटीस आत्याला दाखवली. आत्या तुझ्या घरी आली. पप्पांच्या समोर तिनं तुला विचारलं, "तुला म्हायती होतं का?"

नाही म्हणाली असतीस तर तिथंच संपलं असतं. पण तू म्हणालीस, "आत्या, हे मी सांगू शकत नाही."

आत्या पाणी न पिता उठून गेली. तुझे पप्पा कितीतरी महिने तुझ्याशी कामापुरतंच बोलत होते. अडून बसलेल्यांना नव्या इमारतीत घरं मिळाली, लिफ्ट मिळाली. तू मात्र रबाळ्याहून वाशीला येताना त्या इमारतीचा रस्ता टाळून लांबून यायचीस. विचारलं तर म्हणायचीस, तिकडे खड्डे फार आहेत.

आपल्याला सनद मिळाली. गळ्याला वकिलीचा पांढरा बँड लावून फोटो काढला, त्यात मी हसतेय आणि तू कुठेतरी भलतीकडेच बघतेयस. मॅडमनी मला वर्षभरानं सोडलं, म्हणाल्या तू स्वतंत्र चालवशील. तुला मात्र त्यांनी ठेवून घेतलं आणि पुढे त्यांच्या कपाटांच्या चाव्या तुझ्याकडे आल्या. माझ्याकडे त्यांनी कधी कपाटाची चावी दिली नव्हती. मी आत्याच्या प्रकरणातलं एक अक्षरही बाहेर बोलले नव्हते, तरीही. आता वाटतं, मी रस्त्यात उभं राहून तुला जे सांगत होते ते मॅडमना न ऐकताही कळलं असावं.

आणि मग बाबा. त्यांच्या भावकीत जमिनीवरून काहीतरी फाटलं. घरात वकील मुलगी असताना ते सकाळी बाहेर पडले ते तुझ्या ऑफिसात गेले. मी घरी तमाशा केला. बाबा शांतपणे म्हणाले, "तुज्या पोटान काय रात नाय गो. त्या पोरीच्या पोटान रातं."

मी तुला फोन करून विचारलं, "बाबा काय बोलले?"

तू म्हणालीस, "बाबांना विचार."

"मी त्यांची मुलगी आहे."

"म्हणून तर तुला विचारता येईल त्यांना." आणि लगेच, "जेवलीस का?"

मी फोन ठेवला आणि बरेच दिवस उचलला नाही. तू मात्र कोर्टात भेटलीस की काहीच न झाल्यासारखी डब्यातलं अर्धं थालीपीठ माझ्यापुढे करायचीस. त्याचाही मला राग यायचा. भांडण चालू असताना तू इतकी सरळ कशी राहू शकतेस, म्हणून.

बाबा नंतर हळूहळू मोकळे झाले. वाद मिटला. तू नेमकं काय केलंस हे मला आजही माहीत नाही. माझे काका आणि बाबा पुन्हा एकत्र गणपती आणायला जातात, एवढं दिसतं. परवा बाबाही आले होते विहारात. सबंध वंदना होईपर्यंत खाली मान घालून बसले होते, हात कसे जोडायचे ते शेजारच्याकडे बघून शिकत.

दिवाळीनंतर तुझं पोटाचं दुखणं निघालं. तू मला सांगितलंस तेही केसची पुढची तारीख सांगावी तसं. मी हॉस्पिटलमध्ये आले तर तुझ्या उशाशी आत्या बसलेली. मला आधी ओळखूच आली नाही. केस पांढरे झाले होते. तू झोपली होतीस आणि ती तुझे तळपाय चोळत होती. मी दारातच थांबले. तुमचं जमलंय हे तू मला सांगितलं नव्हतंस. एवढी मोठी गोष्ट, आणि मला नाही. पुन्हा तोच हेवा. तुझ्या आजारपणातही मला जागा नाही, तिथेही कोणीतरी आधीच येऊन बसलंय.

आत्या बाहेर व्हरांड्यात आली. मी विचारलंच, "तुमचं कधी मिटलं?"

ती बाकावर बसली. "मिटलं कुठं बाई. खोली गेली ती गेलीच. लई वर्सं मी तिचं तोंड बघितलं न्हाई. मग माझ्या घरात एक गोष्ट झाली. सांगावं तर कुनाला? नातेवाइकांत सांगितलं की कामोठ्यापास्नं गावापर्यंत जातंय. लेक म्हनली, आई, कुनाला बोलू नको. पर माझ्यानं ते उरात ठेवून जगनं होईना. मग मनात आलं, जिनं सख्ख्या आत्याला सांगितलं न्हाई, ती माझं कुनाला सांगल?"

"आणि मग?"

"गेले तिच्याकडं. तिनं दार उघडलं, खुर्ची दिली, दार लावलं. मी बोलले. तिनं मार्ग काढून दिला. जुनं तिनं काढलं न्हाई, मीबी काढलं न्हाई. जाताना म्हनली, आत्या, चहा करू का. मी म्हटलं, कर."

मी काय करावं? मी विचारलं, "काय झालं होतं घरात?"

आत्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "तूबी वकीलच हायस न्हवं?"

तिचा सूर रागाचा नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं.

तू जागी झाल्यावर मी आत आले. आत्या चहा आणायला खाली गेली होती. मी तुला म्हटलं, "म्हणजे शेवटी तू बरोबर होतीस."

तू म्हणालीस, "मी बरोबर होते असं मी कधी म्हटलं? तू माझ्या जागी असतीस तर आत्याचं घर वाचलं असतं. मला ते रोज आठवतं. मला दुसरं काही करता आलं नसतं, एवढंच." आणि जरा दमल्यावर, "तुझा हेवा वाटायचा मला. तू बोलून मोकळी होतेस. मला ते कधी जमलंच नाही गं."

प्रज्ञा, हे तू वीस वर्षं आधी का नाही सांगितलंस? तू माझा हेवा करतेस हे मला कळलं असतं, तर मी किती सुखात जगले असते. आणि उत्तर द्यायला मी तोंड उघडलं तेवढ्यात नर्स आली, मग डॉक्टर आले, मग तुझी आई आली. पुढच्या वेळी बोलू म्हणून मी पर्स उचलली. पुढच्या वेळी तू बोलण्याच्या स्थितीत नव्हतीस.

तेव्हा आता बोलते. माझं मत अजून बदललेलं नाही. आत्यासारख्या बाईला त्या एका सहीपासून थांबवायला कोणीच नव्हतं. ज्या दोघींना माहीत होतं त्यांनी तोंड बंद ठेवलं, मीसुद्धा, आणि आपल्या धंद्यात याला सचोटी म्हणतात. ते मला पचत नाही. माझ्या ऑफिसात आता दोन इंटर्न मुली येतात. पहिल्या दिवशी मी त्यांना सांगते, इथं ऐकलेलं इथंच ठेवायचं. त्यातल्या एकीनं विचारलं, "मॅडम, घरचा माणूस असला तरी?" मी म्हटलं, "असला तरी. आणि त्यानं तुम्हाला झोप लागता कामा नये." ती वहीत लिहून घेत होती. मी तिला म्हटलं, हे लिहू नकोस, परीक्षेला येत नाही. तुझं वागणं मी त्यांना नियम म्हणून शिकवते आणि माझं भांडण शंका म्हणून त्याला जोडून देते. याहून जास्त तडजोड माझ्याच्यानं होणार नाही.

आता विहारातली शेवटची गोष्ट सांगते आणि थांबते.

भंतेजींचं बोलणं संपल्यावर लोक तुझ्या फोटोला फुलं वाहायला रांगेत उभे राहिले. रांग हलत नव्हती, कारण प्रत्येक जण फोटोपुढे थांबून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होता. कोर्टातला शिपाई, सोसायटीची सेक्रेटरी, माझे बाबा, एक पोलीस बाई, तुझ्या गल्लीतला केस कापणारा. ते बघता बघता मला कळलं, की या सगळ्यांनी कधी ना कधी तुला काहीतरी सांगितलेलं आहे. आणि मला धक्का बसला. कारण मीही सांगितलं होतं. माझ्या संसारातली ती एक गोष्ट, जी मी आईला सांगितली नाही, बाबांना सांगितली नाही, देवापुढेसुद्धा उच्चारली नाही, ती काही वर्षांपूर्वी तुला सांगितली होती. मला वाटायचं, तुझ्याकडे असं ठेवायला देणारी मी एकटीच. आणि इथं तर सगळी रांगच तशी होती. मी त्या रांगेतली एक होते. रडू पहिल्यांदा तेव्हा आलं, तेही मत्सरानं.

फूल वाहून मी तुझ्या आईसमोर जाऊन वाकले. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ओळख पटायला थोडा वेळ घेतला.

"हर्षदा ना तू?" त्या म्हणाल्या. "मागच्या काही वर्सांत तिच्या तोंडी तुझं नावच नसायचं बघ. मला वाटलं, तुमचं भांडण झालंय."

मी तुला ती गोष्ट सांगितल्यापासूनची वर्षं मनात मोजली. "नाही, आई," मी म्हटलं. "भांडण नव्हतं झालं."